तो निबंध मागे घे आणि खरा लिही

ताई, नमस्कार.

मी बागलाण तालुक्यातली. नाशिकला एस.वाय.बी.ए.ला आहे, होस्टेलवर राहते. मराठीच्या मॅडमनी ‘मी, माझी पुस्तकं आणि माझी ओळख’ या विषयावर दोन-तीन पानं लिहून वर्गात वाचायला सांगितली होती. पहिल्या दिवशी ज्यांनी वाचलं, त्यांच्या घरी आजोबांची कपाटं होती, वाढदिवसाला मिळालेले संच होते, झोपताना गोष्ट वाचून दाखवणारे बाबा होते. माझा नंबर दुसऱ्या दिवशी होता. आमच्या घरात पुस्तक म्हणावं तर भिंतीवरचं कॅलेंडर, आजोबांची हरिपाठाची पोथी आणि माझी गाइडं. रात्री नेटवर शोधून आठ-दहा मोठ्या लेखकांची नावं काढली, आमच्याकडेही आजोबांचं पुस्तकांचं कपाट आहे असं लिहिलं आणि वाचून टाकलं. टाळ्या पडल्या. आता मॅडम म्हणतात, हे वार्षिकांकात घेऊ.

खरं म्हणजे मी अवांतर पुस्तकं चार-पाचच पूर्ण वाचलीत. शाळेत कपाट होतं, पण त्याला कुलूप. तपासणीला साहेब आले की उघडायचं. मोबाइलवर प्रतिलिपी ॲपवरच्या कथा मात्र रोज वाचते, ते कुणाला सांगत नाही. घरी सगळ्यांचं वाचायचं काम माझ्याकडेच. वडिलांची कांद्याची हिशोबपट्टी, बँकेची नोटीस, डॉक्टरची चिठ्ठी. आजी कागद पुढे करते आणि विचारते, “यामा काय लिखेल शे?” सातवीत असताना पट्टीवर तोलाई, म्हणजे वजन करण्याचे पैसे, दोनदा कापलेली मला दिसली होती. वडील परत गेले, पैसे मिळाले. पण याला कुणी वाचन म्हणणार नाही.

अजून एक. आम्ही घरी अहिराणी बोलतो. होस्टेलवर घरचा फोन आला की मी गॅलरीत जाऊन हळू आवाजात बोलते. मागच्या सुट्टीत आजी म्हणाली, पुस्तकं वाचून वाचून तू आमची राहणार नाहीस. मी वाचक आहे का, आणि झाले तर घरची राहीन का? नाव छापू नका.

* * *

प्रिय बागलाणच्या लेकी,

आधी तातडीचं. वार्षिकांकाचा मजकूर छपाईला जायच्या आत मॅडमना भेट आणि तो निबंध मागे घे. वर्गात सगळ्यांसमोर काही बोलायची गरज नाही. तास संपल्यावर स्टाफरूममध्ये जा, दोन मिनिटं मागून घे आणि सरळ सांग : ‘मॅडम, त्यातलं कपाट खरं नाही. ती पुस्तकं मी वाचलेली नाहीत. बाकीच्यांचं ऐकून घाबरले होते. मला दुसरं लिहून द्यायचंय.’ एवढंच. व्हॉट्सॲपवर मेसेज टाकून मोकळी होऊ नकोस, समोर जा. मॅडम रागावतील कदाचित. रागावू देत. वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या माणसाला मुलं भीतीपोटी काय काय करतात हे ठाऊक असतं, आणि आपणहून येऊन सांगणारी मुलगी त्यांच्या लक्षात राहते ती चांगल्या अर्थानंच. आणि समजा त्या म्हणाल्या, ‘अगं असू दे, छान झालाय, छापू या’, तरी नाही म्हण.

इतका आग्रह का, ते सांगते. तू आजोबांना एक कपाट दिलंस आणि त्यांच्या हातातली पोथी काढून घेतलीस. अंक घरी गेला की तो वाचून दाखवायचं काम तुझ्याचकडे येणार. आजोबांसमोर बसून ते कपाट तू कोणत्या तोंडानं वाचशील? तुला ते खोटं पकडलं जाण्याची भीती वाटते, हे तुझ्या पत्रातून दिसतं. मला त्याहून जास्त खुपलं ते हे, की घरात पोथी घेऊन बसणारा एक माणूस होता आणि तुझ्या निबंधात त्याला जागा मिळाली नाही.

आजोबा ती पोथी खरंच वाचतात, की हरिपाठ तोंडपाठ आहे म्हणून नुसती पुढ्यात उघडून ठेवतात? कोणती पानं जास्त मळलीत? पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला ते त्र्यंबकेश्वरला जातात का, आणि जाताना पोथी पिशवीत असते का? ती त्यांच्याकडे आली कुणाकडून? हे तुला एका फोनवर कळेल. कपाटं आणि संच तुझ्या वर्गानं आदल्या दिवशी ऐकलेच होते. मळलेल्या पानांबद्दल कुणी बोललं नसावं.

पत्रातली एक गोष्ट तुझ्या ध्यानात आली नसेल. न वाचलेल्या आठ-दहा लेखकांची नावं तू भर वर्गात घेतलीस, आणि जी चार-पाच पुस्तकं खरोखर शेवटपर्यंत वाचलीस, त्यांतल्या एकाचंही नाव मला लिहिलं नाहीस. ती तुला मोजण्यासारखी वाटलीच नाहीत. नवा निबंध तिथूनच सुरू कर. कोणती पुस्तकं होती, कुणाकडून आणलीस, कुठे बसून वाचलीस, मध्येच कुणी हाक मारली, कुठलं पान पुन्हा मागे जाऊन वाचलंस. एखादं अजिबात आवडलं नसेल तर तेही लिही, का आवडलं नाही ते लिही. ‘पुस्तकांनी मला घडवलं’ हे वाक्य मात्र टाळ. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी कुणालाच ते ठामपणे सांगता येत नाही. तुझ्या वर्गातल्या कपाटवाल्या मुलींनाही नाही. त्यांनीही ते कुठेतरी ऐकलेलंच लिहिलं असेल.

आता हिशोबपट्टी. याला वाचन म्हणायचं का, हा तुझा प्रश्न. माझं उत्तर आधी हो आणि मग नाही, आणि दोन्ही मनापासून.

हो अशासाठी, की सातवीतल्या पोरीनं त्या कागदावर काय केलं ते बघ. वजन क्विंटलमध्ये, शेजारी भाव, खाली हमाली, तोलाई आणि बाकीच्या कपाती, सगळ्यात शेवटी हातात पडणारी रक्कम. घाईत फाडून दिलेली पावती, कार्बनचं पुसट अक्षर. मोठी माणसं शेवटचा आकडा बघतात आणि पट्टी खिशात घालतात. तू वरून खाली एकेक ओळ लावत आलीस, एक कपात दोनदा आलीय हे तुझ्या नजरेनं पकडलं, आणि छापलेल्या कागदावर लिहिलंय म्हणून ते खरंच असेल असं तू धरून चालली नाहीस. एम.ए.च्या वर्गात मजकुराकडे असं संशयानं बघायला शिकवताना प्राध्यापकांचा घसा कोरडा पडतो. तू ते वडिलांच्या घामाच्या पैशासाठी शिकलीस. निबंधात ही पट्टी हवीच, तिच्या रकान्यांसकट.

नाही अशासाठी, की ते सगळं वाचन दुसऱ्यांचं होतं. पट्टी वडिलांची, नोटीस बँकेची, चिठ्ठी डॉक्टरची, गाइड परीक्षेचं. घरातली शिकलेली मुलगी सगळ्यांचे कागद वाचते आणि तिच्या स्वतःच्या वाट्याला एकही कागद येत नाही, हे मी कितीतरी घरांत बघितलंय. कुणाच्याच कामाचं नसलेलं, फक्त आपल्याला हवं म्हणून केलेलं वाचन वेगळं असतं. ते तुला फार थोडं मिळालंय. ‘तू आहेस तशीच वाचक आहेस, काही करू नकोस’ असं सांगून मी तुझं समाधान करणार नाही. तुला पुस्तकं हवीत, भरपूर हवीत, आणि ती मिळवायला आता तू योग्य गावात आहेस.

प्रतिलिपीबद्दल लाजू नकोस. कुणी न सांगता तू रोज रात्री जे उघडतेस, ते तुझं पहिलं स्वतःचं वाचन आहे. फक्त एक बघ. तिथल्या मालिका ‘पुढच्या भागात काय’ या एका ओढीवर चालतात, डोळे पुढे पळत राहतात. त्याच्या जोडीला असं काहीतरी वाच, जे वाचताना थांबावंसं वाटेल. लघुकथा घे. एका बैठकीत संपते आणि संपल्यावर बराच वेळ डोक्यात राहते.

नाशिक जिल्ह्यातल्या मुलीला वामनदादा कर्डकांबद्दल सांगायलाच हवं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२ चा. लहानपणी शाळा वाट्याला आली नाही. तरुणपणी मुंबईत असताना कुणीतरी एक पत्र वाचून द्यायला सांगितलं आणि आपल्याला वाचता येत नाही याची त्यांना इतकी शरम वाटली, की त्यानंतर ते अक्षरं शिकले. रस्त्यानं जाताना दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरं पक्की केली. पुढे आंबेडकरी चळवळीचे लोककवी म्हणून त्यांची गाणी गावोगाव गेली. पाट्या वाचून वाचक झालेला माणूस आपल्या जिल्ह्यात होऊन गेला, आणि तू हिशोबपट्टी सांगायला लाजतेस.

हे सदर शिक्षकही वाचतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. ‘तुमचं आवडतं पुस्तक’ किंवा ‘पुस्तकांनी तुम्हाला काय दिलं’ असं विचारलं की ज्यांच्या घरी पुस्तकं आहेत ती मुलं बोलतात आणि बाकीची नावं गोळा करायला लागतात. त्याऐवजी ‘तुमच्या घरात कोण काय वाचतं’, ‘वाचलेलं कोणतं वाक्य डोक्यातून जात नाही’, ‘अर्ध्यात सोडलेलं पुस्तक कोणतं’ असं विचारून बघा. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत उत्तरं मिळतील. आणि शाळांना कळकळीची विनंती : कपाट उघडा. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन होतो, ग्रंथदिंडी निघते, आणि दुसऱ्या दिवशी किल्ली पुन्हा ऑफिसातल्या खिळ्यावर. पुस्तकं फाटतील, हरवतील, त्यांवर भाजीचे डाग पडतील. पडू देत. एका मुलीचं सगळं बालपण त्या कुलपासमोर गेलं आणि आज ती स्वतःला वाचक म्हणवून घ्यायला घाबरते, याहून मोठं नुकसान एखादं पुस्तक फाटल्यानं होत नाही.

आता तू कुठे जायचं ते. पहिलं तुझ्या कॉलेजचंच ग्रंथालय. बहुतेक मुलं तिथे फक्त क्रमिक पुस्तकांच्या चिठ्ठ्या भरतात. काउंटरवर विचार, कपाटांपर्यंत जाऊ देतात का. देत असतील तर एक दुपार नुसती मराठी कथांच्या रांगेसमोर काढ. कोणतंही पुस्तक मधूनच उघड, दोन पानं वाच, आवडलं नाही तर परत ठेव.

दुसरं, सार्वजनिक वाचनालय, ज्याला सगळं नाशिक सावाना म्हणतं. शालिमारजवळ, टिळक पथावर. स्थापना १८४० ची, म्हणजे महाराष्ट्रातल्या जुन्यातल्या जुन्या वाचनालयांपैकी. सीबीएस बसस्थानकावर उतरून चालत जाता येतं. अनामत आणि वर्गणी भरून सभासद हो. होस्टेलच्या खर्चात ती बसवता येईल. तिथे सकाळी वर्तमानपत्रं चाळत बसलेले निवृत्त आजोबा दिसतील, स्पर्धा परीक्षेची मुलं दिसतील. पहिल्यांदा जाशील तेव्हा सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटेल. कुणी बघत नसतं.

तिसरं थोडं वेगळं. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या साथीनं २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना नाशिकमध्ये सुरू झाली. वाचकांच्या गटाकडे पुस्तकांची पेटी येते, काही महिन्यांनी बदलून दुसरी. गंगापूर रोडला प्रतिष्ठानच्या कार्यालयात रेक्टरबाईंना घेऊन जा आणि होस्टेलसाठी अशी पेटी मिळेल का ते विचार. तुझ्यासारख्या, गावाकडून आलेल्या आणि आपण वाचक नाही असं समजणाऱ्या मुली त्या होस्टेलवर आणखीही असणार.

सुरुवात कशानं करायची असं विचारशील, तर मी एकच नाव देते, कारण यादीनं तू आधीच घाबरलेली आहेस. बाबुराव बागूल. आपल्या नाशिकमधल्या विहितगावचे. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा कथासंग्रह १९६३ साली आला. त्याच नावाच्या कथेत नोकरीच्या गावी खोली मिळावी म्हणून जात लपवणारा तरुण आहे. तुझ्या कपाटाची आणि त्या लपवण्याची बरोबरी होऊच शकत नाही, तिथे उघडं पडलं तर मार खावा लागतो. पण खरं कोण आहोत ते सांगता न येणं माणसाचं काय करतं, हे त्यात असं लिहिलंय, की वाचून झाल्यावर तुझा निबंध तुला स्वतःलाच पुन्हा लिहावासा वाटेल. भाषा कुठे कुठे अडेल. अडली तर पुढे जा, नंतर मागे ये. सोसवत नसेल तर ठेवून दे आणि दुसरं घे. अर्ध्यात सोडण्याचा हक्क प्रत्येक वाचकाला आहे.

राहिलं आजीचं बोलणं. माझ्या मते तुझ्या पत्रातला सगळ्यात अवघड भाग हाच, निबंधाचा नव्हे.

आजी चुकीचं बोलत नाहीये. थोडं अंतर पडणार आहे. तू काही वाचशील आणि ते घरी कुणाला सांगता येणार नाही, असे दिवस येतील. सुट्टीत घरी गेल्यावर चुलीपुढच्या गप्पांत एखाद्या गोष्टीवर सगळे हसतील आणि तुला हसू येणार नाही, कारण तू त्या गोष्टीची दुसरी बाजू कुठेतरी वाचलेली असेल. लग्नाचा विषय निघेल तेव्हा तर हे फार जाणवेल. ‘काही बदलत नाही गं’ असं मी सांगितलं तर ते तुझ्या कपाटाइतकंच खोटं होईल. पण हे अंतर काही सगळं पुस्तकांनी पडत नाही. होस्टेलनं पडतं, शहरानं पडतं, उद्या नोकरी लागली की पगारानं पडेल. आणि खरं सांगू, तुझ्या बाबतीत ते गॅलरीत जाऊन हळू बोलण्यानं आधीच पडायला लागलंय. आजीला फोनवर ते ऐकू येत असणार. एरवी खणखणीत बोलणारी नात कुजबुजायला लागली, की म्हातारं माणूस कारण ओळखतं.

म्हणून पहिली गोष्ट, खोलीतच बसून बोल. नेहमीच्या आवाजात, अहिराणीत. मैत्रिणी दोन दिवस कान टवकारतील, एखादी हसेलही, मग त्यांना सवय होईल. नाशिकमध्ये अहिराणी काही परकी नाही. सिडकोत, सातपूरला खानदेशातली आणि कसमाद्यातली, म्हणजे तुझ्या कळवण-सटाणा-मालेगाव-देवळ्याकडची, किती घरं आहेत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तिथे कानबाई, खानदेशची देवी, बसते आणि रात्रभर गाणी होतात. पुढच्या श्रावणात जाऊन बघ.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वाचलेली कथा आजीला सांग. फोनवर, तिच्या भाषेत. पुस्तकातलं मराठी तसंच्या तसं चालणार नाही, तिथे अडशील. हा माणूस असं का वागला, हे आजी विचारेल आणि तुला उत्तर द्यावं लागेल. कथा खरंच कळलीय की नुसते डोळे फिरवलेत, हे त्या पाच मिनिटांत समजतं. मॅडमच्या दहा गुणांच्या प्रश्नातही ते समजत नाही. आजवर आजी कागद पुढे करत होती आणि तू उत्तर देत होतीस. आता तिनं न मागितलेलं काहीतरी तू तिच्यापुढे ठेवशील. तिला सगळ्याच कथा आवडणार नाहीत. एखादीवर ती म्हणेल, ‘हे काय लिहायचं असतं?’ त्यावर तिच्याशी भांड. मनापासून भांड.

आणि आजीकडे कानबाईची गाणी असतील, लग्नातली असतील, जात्यावरच्या ओव्या असतील. दिवाळीच्या सुट्टीत वही घेऊन बस आणि ती जशी म्हणते तशी उतरवून घे. प्रमाण मराठीत आणायच्या फंदात पडू नकोस, ‘शे’ला ‘शे’च लिही. मोबाइलवर रेकॉर्डही करून ठेव, कारण चाल कागदावर येत नाही. प्रत्येक गाण्याखाली ते तिनं कुणाकडून ऐकलं, कोणत्या गावात, ते लिही. अहिराणीतलं लिखाण आता पुस्तकांतून येतंय, पण बायकांच्या तोंडी असलेलं पुष्कळसं अजून कुणी लिहून घेतलेलं नाही, आणि ते लिहून घ्यायला घरची, लिहिता-वाचता येणारी माणसंच लागतात.

तुमच्या गावात किंवा जवळपासच्या मोठ्या गावात वाचनालय आहे का, तेही सुट्टीत बघ. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, मान्यता असलेल्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं आणि त्यांचे अ ते ड असे वर्ग असतात. ड वर्गाचं छोटंसं वाचनालय खूप गावांत असतं, फक्त ते कधी उघडं असतं हे चौकशी केल्याशिवाय कळत नाही. असेल तर धाकट्या भावंडांना तिथे घेऊन जा.

मॅडमशी बोलणं या आठवड्यातच उरकून टाक. नव्या निबंधाला मुदत कमी पडत असेल तर त्यांच्याकडे चार दिवस वाढवून माग. आणि तरीही यंदाच्या अंकात तो बसला नाही, तर न बसू दे. लिही मात्र यंदाच.

तुझी,
ताई